तीन दिवसांची शर्यत, बारा महिन्यांचा मार्ग

मोटारींच्या शर्यती आपल्या शहरांत भरविण्याची हौस अलीकडे नागरिकांपेक्षा सरकारांनाच अधिक लागलेली दिसते. २०२३ च्या फेब्रुवारीत हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या मोटारी धावल्या. २०२४ च्या ऑगस्टअखेर चेन्नईत आयलंड ग्राउंडभोवतीच्या रस्त्यांवर दिव्यांच्या झगझगाटात रात्रीची शर्यत झाली. २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या नवी मुंबईच्या रस्त्यांवरही अशीच शर्यत भरविण्याची घोषणा झाली. दिल्लीजवळच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर ‘फॉर्म्युला वन’ पुन्हा आणण्याच्या वार्ता तर अधूनमधून उठतच असतात. अशा प्रत्येक घोषणेबरोबर देशाची प्रतिष्ठा, पर्यटन आणि रोजगार यांची ठरलेली आश्वासने येतात. शर्यतीचा मार्ग म्हणजे नेमके काय, तो कोणी सांभाळायचा आणि शर्यतीचे तीन दिवस संपल्यावर वर्षाच्या उरलेल्या दिवसांत तेथे काय व्हायचे, हे प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. ते आज विचारावेत असे आम्हांला वाटते; कारण उद्या त्यांची उत्तरे करदात्याच्या खिशातून द्यावी लागतील.

प्रथमच सांगितलेले बरे की, आमचा या खेळाला विरोध नाही. गरीब देशाला असली चैन कशाला, हा आक्षेप सोपा आहे, पण तो पुरेसा नाही. हा खेळ आपल्याकडे काल-परवा आलेला नाही. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला, आणि दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या शोलावरमच्या धावपट्टीवर त्याने अनेक वर्षे शर्यती चालविल्या. पुढे १९९० मध्ये याच क्लबचा स्वतःचा कायम मार्ग श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे सुरू झाला. कोईमतूरच्या करिवर्धन यांनी मारुतीचे सुटे भाग वापरून एकाच आसनाच्या शर्यतीच्या मोटारी घडविल्या आणि तरुण चालकांची एक पिढी त्यांवर तयार झाली. कोईमतूरचाच नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये ‘फॉर्म्युला वन’मध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला, २०१० मध्ये चेन्नईचा करुण चंढोक त्याच्या मागोमाग गेला. आमच्या मुंबईच्या जेहान दारूवाला याने २०२० च्या डिसेंबरात बहरीनमध्ये ‘फॉर्म्युला टू’ची शर्यत जिंकली, त्या श्रेणीत जिंकणारा तो पहिला भारतीय. तेव्हा गुण आहेत आणि हौसही आहे. उणीव आहे ती हा खेळ संस्था म्हणून चालविण्याच्या जाणिवेची.

शर्यतीचा मार्ग म्हणजे गुळगुळीत डांबराचा एक वळणदार पट्टा, अशी सामान्य समजूत आहे. इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे १९०७ मध्ये केवळ शर्यतीसाठी म्हणून पहिला मार्ग बांधला गेला, तेव्हा ती समजूत बरीचशी खरी होती. काँक्रीटची उतरती, उंच कडेची वळणे बांधली की वेगाची सोय झाली, एवढाच तेव्हाचा विचार होता. पण आजच्या मार्गाची रचना वेगाच्या विचारापाशी थांबत नाही. ‘माणूस चुकणार’ हे तिचे पहिले गृहीत असते. चालक वळणावर ताबा गमावणार, ब्रेक निकामी होणार, चाक निखळणार, आणि हे सारे घडूनही चालक, मार्गावरचा कर्मचारी आणि कुंपणापलीकडचा प्रेक्षक जिवंत राहिला पाहिजे. म्हणून वळणाच्या बाहेरच्या अंगाला डांबराची किंवा खडीची रुंद मोकळी पट्टी असते. तिच्यापलीकडे धक्का शोषून घेणारे टायरांचे थर आणि अडथळे असतात. आणि त्याही पलीकडे उडणारे तुकडे अडविणारी उंच जाळी असते. ‘एफआयए’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे नव्या कायम मार्गाची रुंदी किमान १२ मीटर आणि आरंभस्थानापाशी किमान १५ मीटर लागते. कोणत्या मोटारी कोठे धावू शकतात हे मार्गाच्या श्रेणीवर ठरते, आणि श्रेणीचा परवाना कायमचा नसतो. मुदत संपताच मार्ग पुन्हा तपासावा लागतो.

हे शहाणपण कोणाला सहज सुचलेले नाही. प्रत्येक नियमामागे कोणाचे तरी प्राण गेलेले आहेत. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्ये ल मान येथे एक मोटार दुसरीवर आदळून प्रेक्षकांत घुसली आणि ८० हून अधिक माणसे मेली. मोटारी कितीतरी वेगवान झाल्या होत्या, पण पिटसमोरचा तो अरुंद रस्ता पूर्वीच्या संथ मोटारींच्या मापाचाच राहिला होता. या घटनेनंतर स्वित्झर्लंडने तर आपल्या भूमीवर बंदिस्त मार्गावरील शर्यतींना बंदीच घातली. १९९४ मध्ये इटलीतील इमोला येथे ३० एप्रिल आणि १ मे या लागोपाठच्या दोन दिवसांत रोलंड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेन्ना हे दोन चालक मृत्यू पावले. सेन्ना ज्या वळणावर आदळला तेथली काँक्रीटची भिंत रस्त्याला फार जवळ आहे, हे आधीपासून ठाऊक होते; पण भिंतीमागे नदी असल्याने ती मागे सरकविता येत नाही, असे म्हणून विषय सोडून दिला गेला होता. दोन मृत्यूंनंतर वळणच बदलण्यात आले. भिंत हलत नसेल तर रस्ता वळवावा, ही साधी गोष्ट सुचायला एवढी किंमत मोजावी लागली.

रचनेइतकीच कठीण बाब म्हणजे असा मार्ग चालविणे. शर्यतीच्या दिवशी प्रेक्षक चालकांकडे पाहतात. पण खेळ खऱ्या अर्थाने उभा असतो तो मार्गाच्या कडेला झेंडे घेऊन उभ्या राहिलेल्या मार्शलांच्या बळावर. पिवळा झेंडा धोक्याची सूचना देतो, निळा मागून वेगवान मोटार येत असल्याचे सांगतो, लाल झेंडा शर्यत थांबवितो. आणि यांपैकी कोणता केव्हा दाखवायचा याचा निर्णय क्षणार्धात घ्यायचा असतो. शिवाय अग्निशामक, मोटारीतून चालकाला मान न हलविता बाहेर काढणारी पथके, सज्ज वैद्यकीय केंद्र, आणि जखमीला इस्पितळात नेण्याची तत्काळ सोय, हे सारे तयार नसेल तर मोटारीचे इंजिन सुरू होता कामा नये. जगातल्या अनेक मार्गांवर हे मार्शल हौशी स्वयंसेवक असतात, आणि तेही सुरक्षित नसतात. २००० मध्ये मोंझा येथे व २००१ मध्ये मेलबर्न येथे निखळलेली चाके लागून एकेक मार्शल प्राणास मुकला. २०१४ मध्ये जपानमध्ये सुझुका येथे पावसात घसरलेली मोटार उचलायला आलेल्या यंत्रावर दुसरी मोटार आदळली. तिचा चालक ज्यूल बियांकी पुढल्या वर्षी वारला. त्यानंतर अशा प्रसंगी साऱ्या मोटारींचा वेग एकदम खाली आणण्याची नवी पद्धत अमलात आली. अशी शिस्त घोषणेने येत नाही. वर्षानुवर्षे लहान शर्यती चालवूनच ती अंगी बाणते.

आणि ही गोष्ट परक्या देशांपुरती नाही. २०२३ मध्ये चेन्नईच्या मार्गावर जानेवारीत एक ज्येष्ठ चालक आणि ऑगस्टमध्ये मोटारसायकलच्या शर्यतीत एक शाळकरी मुलगा गेला. खेळात जोखीम असते हे खरे. पण ती जाणत्या माणसाने स्वीकारायची असते. कोवळ्या वयाच्या मुलांना किती शक्तीच्या वाहनावर बसवावे, हा प्रश्न चालकाच्या हौसेवर किंवा पालकांच्या अभिमानावर सोपवता येणार नाही. तो संघटनेने आणि शासनाने सोडविला पाहिजे.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. नोएडाच्या पुढे, यमुना द्रुतगती मार्गाच्या परिसरात एका खासगी उद्योगसमूहाने बुद्ध सर्किट बांधले. जर्मन रचनाकार हेर्मान टिल्के यांनी त्याची आखणी केली: लांबी ५.१२५ किलोमीटर, १६ वळणे, किलोमीटरहून अधिक लांबीचा एक सरळ पल्ला, आणि सपाट प्रदेशात मुद्दाम घडविलेले चढउतार. लांब सरळ पल्ल्याच्या शेवटी एकदम मंद वळण ठेवले की मागच्या चालकाला ब्रेकच्या जागी पुढे घुसण्याची संधी मिळते. तेथे रस्ता रुंद केला की तो दोन वेगळ्या रेषांनी वळणात शिरू शकतो. रचनाकाराने ही युक्ती तेथे उत्तम साधली होती. ३० ऑक्टोबर २०११ रोजी पहिली भारतीय ग्रां प्री झाली आणि सुमारे ९५,००० प्रेक्षक जमले. सरावाच्या पहिल्याच दिवशी एक भटका कुत्रा मार्गावर आला म्हणून सराव थांबवावा लागला; या प्रसंगाची जगभर थट्टा झाली. पण चालकांनी मार्गाची मनापासून वाखाणणी केली. २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे सेबास्टियन फेटल तेथे जिंकला. आणि मग शर्यतच बंद पडली. करार पाच वर्षांचा होता; ती तीन वर्षांत आटोपली.

कारणे पाहिली तर डांबर, वळणे किंवा प्रेक्षक यांत दोष नव्हता. दोष होता आमच्या गोंधळात. हा खेळ की करमणूक, हेच सरकारांना ठरविता आले नाही. उत्तर प्रदेश सरकारने करमणूक कर माफ केला, तर त्याविरुद्धची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिकिटांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवण्याचा आदेश झाला. परदेशी संघांच्या मोटारी आणि टायर देशात आणताना सीमाशुल्काचा वाद झाला. भोवतालच्या गावांतील शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी शर्यतीच्या तोंडावर आंदोलनाचा इशारा देत होते. शर्यत गेल्यावर आयकराचा खटला चालतच राहिला; आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, शर्यत थोड्या दिवसांचीच असली तरी हे सर्किट परदेशी कंपनीचे भारतातील ‘स्थायी आस्थापन’ होते. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण जेथून शर्यत निघून जाऊन साडेतीन वर्षे लोटली होती त्या जागेला ‘स्थायी’ हे विशेषण लागावे, यातील विनोद वाचकांच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. पुढे २०२० मध्ये थकबाकीपोटी यमुना प्राधिकरणाने या क्रीडानगरीला दिलेल्या १,००० हेक्टर जमिनीचे वाटप रद्द केले, आणि मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. मध्यंतरी, २०२३ च्या सप्टेंबरात, मोटारसायकलींची ‘मोटोजीपी’ तेथे एकदा झाली. दुसऱ्या वर्षी तीही झाली नाही.

हे केवळ भारतीय दुर्दैव आहे असेही नाही. इस्तंबूलचा मार्ग २००५ मध्ये सुरू झाला आणि २०११ नंतर वेळापत्रकातून गेला. दक्षिण कोरियात येओंगाम येथे २०१० ते २०१३ अशा चारच शर्यती झाल्या. मलेशियाने सेपांगची ‘फॉर्म्युला वन’ शर्यत खर्च परवडत नाही म्हणून २०१७ नंतर स्वतःच सोडली. जर्मनीसारख्या हिशेबी देशातही हे टळले नाही. न्युर्बुर्गरिंगचा मार्ग १९२७ मध्ये आयफेलच्या मागास डोंगराळ भागातील बेकारांना काम मिळावे म्हणून बांधला गेला. आजही त्याच्या सुमारे २१ किलोमीटरच्या जुन्या फेरीवर सामान्य माणूस ठराविक दिवशी शुल्क भरून आपली मोटार नेऊ शकतो. तो उपयोग टिकला. पण त्याच ठिकाणी राज्य सरकारने ३० कोटी युरोंहून अधिक खर्च करून झगमगीत करमणूक केंद्र उभारले, तेव्हा प्रांताच्या अर्थमंत्र्याला २००९ मध्ये पद सोडावे लागले आणि २०१२ मध्ये साऱ्या उपक्रमाचे दिवाळे निघाले.

याउलट टिकले कोण, ते पाहावे. इंग्लंडचे सिल्व्हरस्टोन हे युद्धकाळातील विमानतळ. १९४८ मध्ये तेथे शर्यत झाली, १९५० मध्ये जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यतही तेथेच झाली, आणि आज ते चालकांच्याच संस्थेच्या मालकीचे आहे. आपल्याकडे चेन्नईच्या क्लबचा मार्ग आणि कोईमतूरचे सुमारे दोन किलोमीटरचे कारी मोटर स्पीडवे, ही दोन्ही ठिकाणे बुद्ध सर्किटच्या तुलनेत साधी व लहान आहेत. तेथे लाखाचे प्रेक्षकसज्जे नाहीत. पण राष्ट्रीय स्पर्धा, चालकांचे शिक्षण आणि मोटारींच्या चाचण्या तेथे वर्षानुवर्षे चालू राहिल्या. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या मोटारींची ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धाही कोईमतूरच्या त्याच मार्गावर भरत आली. पाहुण्याच्या स्वागतासाठी बांधलेला वाडा पाहुणा गेल्यावर ओस पडला. घरच्या माणसांसाठी बांधलेले घर नांदते राहिले.

शहरातील रस्त्यांवर तात्पुरते अडथळे उभारून शर्यत भरविणे हा या अडचणीवरचा उपाय म्हणून पुढे केला जातो. मोनॅकोत १९२९ पासून शर्यत शहराच्या रस्त्यांवर होते, हा दाखला तर हमखास दिला जातो. पण तेथे इतक्या वर्षांत तोच एक क्लब ते काम करीत आला आहे, आणि रस्त्याकडेचे अडथळे उभारण्यास कित्येक आठवडे दिले जातात, हे सांगायचे राहून जाते. आपला अनुभव काय आहे? हैदराबादची शर्यत एकदाच झाली. राज्यात सरकार बदलताच २०२४ ची शर्यत रद्द झाली आणि दिलेल्या पैशांबद्दल फौजदारी चौकशी सुरू झाली. चेन्नईत मार्गाचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय मोटारी धावता कामा नयेत, असे मद्रास उच्च न्यायालयाला बजावावे लागले. ते प्रमाणपत्र ३१ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे शर्यतीच्या पहिल्याच दिवशी हाती पडेपर्यंत कार्यक्रम खोळंबला. शर्यत सुरळीत पार पडली याचा आनंद आहे. पण तिकिटे विकून झाल्यावर, प्रेक्षक दाराशी उभे असताना सुरक्षिततेचा दाखला येणे ही आमच्या मते शोभणारी पद्धत नव्हे. शिवाय रस्त्यावरची शर्यत संपली की अडथळे काढले जातात आणि मागे काहीच उरत नाही. तिच्यावर एकही चालक वर्षभर शिकत नाही.

म्हणून महाराष्ट्रापुढे असे प्रस्ताव येतील तेव्हा, आणि ते येतीलच, शासनाने आणि महापालिकांनी पुढील गोष्टींचा आग्रह धरावा असे आम्ही सुचवितो. पहिली गोष्ट, सार्वजनिक पैसा किंवा जमीन जाणार असेल तर खर्च किती, नफा कोणाचा आणि तोटा झाल्यास तो कोणाच्या माथी, हे करारावर सही होण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावे. दुसरी, मार्गाचा परवाना, वैद्यकीय व्यवस्था आणि प्रशिक्षित मार्शल यांची पूर्तता झाल्याखेरीज एकही तिकीट विकले जाऊ नये. तिसरी, ज्यांची जमीन घ्यायची त्यांचा मोबदला पहिली मोटार धावण्यापूर्वी चुकता व्हावा. चौथी आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, शर्यतीचे दिवस सोडून उरलेल्या वर्षाचा कार्यक्रम प्रस्तावाबरोबरच सादर करावा. जो असा कार्यक्रम देऊ शकत नाही, त्याला सोहळा हवा आहे; खेळाशी त्याला कर्तव्य नाही, असे खुशाल समजावे.

खरे तर महाराष्ट्राला दिव्यांनी उजळलेल्या रात्रीपेक्षा दोन-अडीच किलोमीटरच्या एका साध्या, सुरक्षित, कायम मार्गाची गरज अधिक आहे. पुणे-चाकणचा पट्टा मोटारी घडवितो. पुण्यात वाहनांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. आणि तरीही पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतील मुलांना आपली मोटार धावविण्यासाठी कोईमतूर गाठावे लागत आले आहे. रात्री आमच्या सागरी रस्त्यांवर आणि पुलांवर मोटारसायकली पिटाळणाऱ्या पोरांना पोलीस पकडतात, दंड करतात आणि सोडून देतात. त्यांच्या वेगाच्या भुकेला वैध जागा कोठे आहे, याचे उत्तर मात्र कोणाजवळ नाही. अशा मार्गावर ही मुले शिरस्त्राण घालून, शिक्षकाच्या नजरेखाली धावू शकतील. रुग्णवाहिकांचे, अग्निशामक दलाचे आणि एस. टी. चे चालक निसरड्या रस्त्यावर ब्रेक कसा लावावा हे तेथे शिकू शकतील.

या शेवटच्या मुद्द्याचे मोल थोडे नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. ताशी ३०० किलोमीटरच्या वेगासाठी बांधलेल्या मार्गावर ‘माणूस चुकणार’ हे गृहीत धरून प्रत्येक वळण आखले जाते. ताशी ६० किलोमीटरच्या आमच्या रस्त्यावर मात्र माणूस चुकला की दोष त्याचा किंवा त्याच्या नशिबाचा मानून पंचनामा पुरा केला जातो. वळणाबाहेरचे झाड, उघडा खांब, अंधारात उभा ट्रक, तुटका कठडा यांना कोणी आरोपी करीत नाही. इमोलाची भिंत नदीच्या सबबीवर जागच्या जागी राहिली, तशा भिंती आमच्या प्रत्येक जिल्ह्यात उभ्या आहेत, आणि त्यांच्यासाठीच्या सबबीही तयार आहेत. शर्यतीच्या मार्गापासून घेण्यासारखे आहे ते हे शास्त्र. ते आत्मसात करण्याची तयारी असेल तर शर्यती जरूर भरवा. नुसती रोषणाई हवी असेल, तर तिच्यासाठी जनतेचा पैसा मागू नका.